केंद्रकापर्यंत जाणारा ताण : ‘थेट’ या शब्दाची पार्श्वभूमी

पेशीच्या पृष्ठभागाला चिकटवलेला चुंबकीय मणी फिरवला की केंद्रकातले काहाल पिंड (प्रथिने व आरएनएचे छोटे पुंजके) हलतात आणि त्यांतली कॉयलिन व एसएमएन ही प्रथिने एकमेकांपासून सुटतात. १९०३पासून ज्ञात असलेल्या या पिंडांबाबत हे निरीक्षण २०१२मध्ये प्रसिद्ध झाले. बल ‘थेट’ पोहोचले, असा त्यातला दावा होता आणि वाद तिथेच आहे.

त्याआधी १९९७मध्ये इंटिग्रिनला (पेशीला बाहेरच्या आधाराशी जोडणाऱ्या पृष्ठभागावरच्या प्रथिनाला) धरून पेशी ओढल्यावर केंद्रकिका, म्हणजे केंद्रकातले गडद गोळे, ओढीच्या दिशेने रांगेत येताना दिसल्या होत्या. मधला दुवा कोणता, हे नंतर कळले. केंद्रकाच्या बाहेरच्या पटलात नेस्प्रिन हे प्रथिन, आतल्या पटलात सन प्रथिने आणि दोन पटलांमधल्या फटीत त्यांची गाठ. २००६मध्ये या जोडणीला ‘लिंक’ हे नाव मिळाले.

‘थेट’ या एका शब्दात दोन दावे मिसळले आहेत. बल रासायनिक निरोपाशिवाय केंद्रकात शिरते, हा पहिला. आत शिरलेले तेच बल प्रथिने सोडवते किंवा जनुक जागे करते, हा दुसरा. पहिल्याचा पुरावा भक्कम म्हणावा लागेल : २०१४मध्ये पेशीबाहेर काढलेल्या केंद्रकाचे नेस्प्रिन चुंबकाने वारंवार ओढले, तर केंद्रक ताठ झाले. पण तो ताठपणा येण्यासाठी केंद्रकाच्या आतल्या पटलातल्या एमेरिन या प्रथिनावर फॉस्फेट बसावे लागले, म्हणजे रसायन आलेच. २०१६मध्ये क्रोमॅटिन (डीएनए व प्रथिनांची गुंडाळी) ताणले जाताच तिथे बसवलेल्या डीएचएफआर जनुकाचे लिप्यंतरण, म्हणजे त्यावरून आरएनए बनणे, काही सेकंदांत वाढलेले दिसले. हा दुसऱ्या दाव्याचा सर्वांत जवळचा पुरावा. तरी केवळ वेग पुरेसा नाही, कारण रासायनिक निरोप नेणारे कॅल्शियमही सेकंदांतच पसरते.

चाचण्यांत फसगत होते तीही इथेच. केंद्रकाला आतून आधार देणारे लॅमिन ए हे प्रथिन काढले की केंद्रक मऊ पडतेच, शिवाय बाहेरच्या ॲक्टिन तंतूंची मांडणीही बदलते. मग परिणाम थांबला तर तो नेमका कशामुळे, हे सांगता येत नाही. परिणाम इंटिग्रिनला धरल्यानेच होतो का, हे ताडायला पॉलिलायसिनचा लेप दिलेला मणी तुलनेला हवाच : तो पेशीला चिकटतो, पण इंटिग्रिनला विशिष्टपणे धरत नाही. मणी फिरताना केंद्रक वर-खाली सरकते आणि एकाच पातळीच्या चित्रात दोन ठिपक्यांतले अंतर खोटे बदलते. थरांमागून थर टिपल्याशिवाय ते मोजू नये. पेशी ज्यावर वाढवतात ते मऊ जेल जेमतेम काही मायक्रॉन जाड असेल, तर पेशीला खालच्या काचेचा ताठपणा जाणवतो आणि ‘मऊ’ आधाराचे निष्कर्ष फसतात.

२०२०मध्ये केंद्रक स्वतःच ताण ओळखते, या कल्पनेने जोर धरला. अरुंद जागेत दाबले गेल्यावर पटलाच्या सुरकुत्या उलगडतात, फॉस्फोलिपेज ए२ हे विकर पटलावर येते आणि पेशीची आकुंचनशक्ती वाढते. त्याच वर्षी, ताणलेल्या पेशींत हिस्टोन एच३च्या (डीएनए ज्यांभोवती गुंडाळले जाते त्यांपैकी एका प्रथिनाच्या) नवव्या लायसिनवरचे त्रिमेथिलीकरण, म्हणजे तिथे तीन मेथिल गट बसणे, घटून केंद्रक मऊ होते आणि डीएनएची हानी टळते, असे दिसले. त्या मऊपणासाठीही कॅल्शियम लागलेच.