मानधनाचा समान दर आणि समान कमाई: महिला खेळाडूंच्या पैशांतला न दिसणारा फरक

27 ऑक्टोबर 2022 रोजी बीसीसीआयने जाहीर केलं, की करारबद्ध महिला क्रिकेटपटूंना यापुढे पुरुषांइतकंच सामना मानधन मिळेल. कसोटीचे 15 लाख, एकदिवसीय सामन्याचे 6 लाख, टी-20चे 3 लाख रुपये. तोवर महिलांना एकदिवसीय किंवा टी-20 सामन्यामागे 1 लाख मिळत होते, त्यामुळे उडी मोठी होती आणि ती फार आधी मारायला हवी होती. पण तेव्हापासून ‘भारतीय महिला क्रिकेटपटूंना आता पुरुषांइतकंच वेतन मिळतं’ असं सर्रास लिहिलं जातं, ते चुकीचं आहे. समान झाला तो दर. कमाई समान झालेली नाही.

दर म्हणजे एका सामन्याचे, एका विजयाचे किंवा एका बक्षिसाचे किती पैसे ठरलेत ते. कमाई म्हणजे वर्षअखेरीस खेळाडूच्या हाती पडलेली एकूण रक्कम. सामन्याचा दर गुणिले खेळलेले सामने, अधिक वार्षिक कराराची ठरलेली रक्कम, अधिक प्रोत्साहनपर रकमा, अधिक बक्षिसातला वाटा, असा तो हिशोब आहे. यातला एकच आकडा समान केला आणि बाकीचे तसेच ठेवले, तर बेरीज समान येणार नाही.

हे 2024 सालच्या कसोटी सामन्यांवरून तपासता येतं. त्या वर्षात भारताचा पुरुष संघ 15 कसोटी खेळला. महिला संघ एकच खेळला, जूनअखेरीस चेन्नईत, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध. सगळ्या कसोटींत अंतिम अकरांत असलेल्या पुरुष खेळाडूचं नुसतं सामना मानधन 2 कोटी 25 लाख होतं, महिला खेळाडूचं 15 लाख. दर तंतोतंत तोच. तरी महिलांसाठी हा बराच बरा काळ म्हणायचा, कारण नोव्हेंबर 2014मधल्या म्हैसूरच्या कसोटीनंतर त्यांची पुढची कसोटी थेट जून 2021मध्ये ब्रिस्टलला झाली. सामनेच होत नसतील, तर कागदावरच्या दराचा खेळाडूला काही उपयोग नाही.

शिवाय वार्षिक करार आहेत. 2024-25 हंगामात पुरुषांच्या चार श्रेणी होत्या: 7 कोटी, 5 कोटी, 3 कोटी आणि 1 कोटी. महिलांच्या तीन: 50 लाख, 30 लाख आणि 10 लाख. म्हणजे पुरुषांतल्या सर्वांत खालच्या श्रेणीला महिलांतल्या सर्वांत वरच्या श्रेणीच्या दुप्पट. 2022च्या निर्णयाने या आकड्यांना हातही लावला नव्हता.

आणखी एक बाब बहुतेकांच्या नजरेतून सुटते. मार्च 2024मध्ये बीसीसीआयने कसोटी प्रोत्साहन योजना आणली, 2022-23 हंगामापासून लागू होणारी आणि फक्त वरिष्ठ पुरुष संघासाठी. हंगामातल्या 75 टक्क्यांहून जास्त कसोटी खेळणाऱ्याला प्रत्येक कसोटीमागे 45 लाख जादा. ही रक्कम ‘मानधन’ या सदरात मोडत नाही, त्यामुळे मानधन समान असल्याचा दावा तांत्रिकदृष्ट्या खराच राहतो. प्रत्यक्षात मात्र त्या खेळाडूला एका कसोटीचे 60 लाख पडतात आणि महिला खेळाडूला 15 लाख. समानतेचा कुठलाही दावा तपासताना आम्ही आधी अशा जोडरकमा शोधतो, कारण पुढचा फरक बहुधा तिथेच असतो. विजयानंतरची इनामंही त्यातच येतात. 2024चा टी-20 विश्वचषक जिंकलेल्या पुरुष संघाला मंडळाने 125 कोटी जाहीर केले, तर 2025चा एकदिवसीय विश्वचषक जिंकलेल्या महिला संघाला 51 कोटी. स्पर्धा वेगळ्या, प्रकार वेगळा, हे मान्य. पण अशा इनामांना कुठलाच समान दर लागू नसतो, ते मंडळाच्या मर्जीवर असतं.

न्यूझीलंडने हा फरक निदान उघडपणे मांडला. जुलै 2022मध्ये तिथल्या क्रिकेट मंडळाने, सहा प्रमुख प्रादेशिक क्रिकेट संघटनांनी आणि खेळाडूंच्या संघटनेने पाच वर्षांचा एकच करार केला. कसोटीला 10,250, एकदिवसीयला 4,000 आणि टी-20ला 2,500 न्यूझीलंड डॉलर, स्त्री असो वा पुरुष. देशांतर्गत सामन्यांचे दरही समान, ही त्या कराराची खरी ताकद. मात्र पहिल्या क्रमांकाच्या महिला खेळाडूला वर्षाला जास्तीत जास्त 1,63,246 डॉलर मिळू शकतील आणि पुरुष खेळाडूला 5,23,396, हेही तेव्हाच सांगितलं गेलं. कारण दिलं ते सामन्यांच्या संख्येचं. करार झाला तेव्हा न्यूझीलंडच्या महिलांनी शेवटची कसोटी खेळून अठरा वर्षं झाली होती, ती 2004 सालची.

आता याच्या नेमकं उलट प्रकरण. अमेरिकेच्या महिला फुटबॉल संघाने मार्च 2019मध्ये आपल्याच महासंघावर खटला भरला. मे 2020मध्ये न्यायाधीश गॅरी क्लाउसनर यांनी वेतनाचा दावा फेटाळला. त्यांचा आधार होता कमाईचा: 2015 ते 2019 या काळात महिला संघाला एकूण सुमारे 2 कोटी 45 लाख डॉलर मिळाले, पुरुष संघाला 1 कोटी 85 लाख. सामन्यामागची सरासरीसुद्धा महिलांची जास्त, 2,20,747 डॉलर विरुद्ध 2,12,639.

मग भेदभाव कुठे होता? दरात. महिलांच्या तक्रारीतलं उदाहरण साधं आहे. दोन्ही संघांनी वर्षात 20 मैत्रीपूर्ण सामने खेळले आणि सगळे जिंकले, तर महिला खेळाडूला सामन्यामागे जास्तीत जास्त 4,950 डॉलर मिळाले असते आणि पुरुष खेळाडूला सरासरी 13,166. मग एकूण रक्कम महिलांची जास्त का भरली? त्या काळात त्यांनी दोन विश्वचषक जिंकले आणि पुरुषांपेक्षा जास्त सामने खेळल्या, तर पुरुष संघ 2018च्या विश्वचषकासाठी पात्रही ठरला नाही. सामन्यामागची सरासरी दरासारखी दिसते, पण ती दर नसते. एकूण कमाईला सामन्यांनी भागून आलेला तो आकडा आहे आणि त्यात विजयांचे बोनस मिसळलेले असतात. दुप्पट यश मिळवून बरोबरीची रक्कम हाती येत असेल, तर त्याला समान वेतन म्हणता येत नाही.

न्यायालयाचा एक मुद्दा मात्र वजनदार होता आणि तो टाळून चालणार नाही. महिलांच्या करारात ठरलेला वार्षिक पगार होता, दुखापतीतही टिकणारा. पुरुषांना खेळाल तेवढेच पैसे. ठरलेल्या पगाराची सुरक्षितता हीसुद्धा किंमत असलेली गोष्ट आहे आणि तुलनेत ती धरावीच लागते. तरीही आमच्या मते निकालाने एकूण रकमेला नको इतकं महत्त्व दिलं.

पुढे फेब्रुवारी 2022मध्ये 2 कोटी 40 लाख डॉलरवर तडजोड झाली आणि त्याच वर्षी 18 मे रोजी दोन्ही संघांसाठी समान अटींचे करार आले, 2028पर्यंतचे. सामन्याचे दर तर सारखे केलेच, पण फिफाचं बक्षीसही एकत्र करून वाटायचं ठरलं. हे कलम का लागलं ते आकड्यांवरून कळतं: फिफाने 2022च्या पुरुष विश्वचषकासाठी 44 कोटी डॉलरची बक्षिसं ठेवली होती, 2023च्या महिला विश्वचषकासाठी 11 कोटींची. फिफाचे आकडे अमेरिकी महासंघाच्या हातात नव्हते, मिळालेल्या पैशांची वाटणी मात्र होती. 2022च्या त्या कतारमधल्या विश्वचषकात अमेरिकेचा पुरुष संघ बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात हरला, तरी 1 कोटी 30 लाख डॉलर आले. महासंघाचे 10 टक्के वजा जाता दोन्ही संघांच्या वाट्याला प्रत्येकी 58.5 लाख डॉलर. 2019मध्ये महिलांनी विश्वचषक जिंकला होता, तेव्हा फिफाचं बक्षीस 40 लाख होतं. आमच्या माहितीतल्या करारांपैकी दर आणि कमाई या दोन्हींना एकाच वेळी हात घालणारं हे सर्वांत नेमकं कलम.

टेनिसमध्ये समानता स्पर्धेगणिक बदलते. चारही ग्रँड स्लॅममध्ये 2007पासून बक्षीस समान आहे (अमेरिकन ओपनमध्ये तर 1973पासून), म्हणून टेनिसचा प्रश्न मिटला असं वाटतं. पण 2023च्या रोम स्पर्धेत पुरुष विजेत्याला 11,05,265 युरो मिळाले आणि महिला विजेतीला 5,21,754. शहर तेच, मैदान तेच, दोघांनाही तीनच सेटचे सामने.

‘समान’ अशी घोषणा कानावर आली, की आधी बघायचं: नेमकं काय समान केलंय, मानधन, वार्षिक करार, बक्षीस की सगळंच? निर्णय फक्त आंतरराष्ट्रीय सामन्यांपुरता आहे की देशांतर्गतही? मग दोन्ही संघांचं वर्षभराचं वेळापत्रक उघडून दर गुणिले सामने हा गुणाकार स्वतः करायचा. बक्षीस खेळाडूला थेट मिळतं की मंडळामार्फत, हेही विचारायचं. आयसीसीने जुलै 2023मध्ये बक्षिसं समान केली खरी, पण ती रक्कम मंडळाकडे जाते आणि पुढची वाटणी मंडळ ठरवतं. जाहिरातींचं उत्पन्न तुलनेत धरायचं नाही, ते मंडळ किंवा महासंघ देत नाही. लीगच्या लिलावाची बोलीही वेगळी ठेवायची: 2023च्या डब्ल्यूपीएल (महिला प्रीमियर लीग) लिलावात स्मृती मानधनाला मिळालेले 3 कोटी 40 लाख हा फ्रँचायझीचा पैसा होता, संपूर्ण संघासाठी 12 कोटींची मर्यादा असलेला. मंडळ समान वेतन देतं की नाही, याचं उत्तर त्यातून मिळत नाही.

दर समान करायला एका बैठकीतला ठराव पुरतो. कमाईसाठी मात्र महिलांचे सामने वाढवावे लागतात, विशेषतः कसोटी, आणि वार्षिक करारांच्या श्रेणी जवळ आणाव्या लागतात. त्यासाठी मुदत लागते, आणि ती जाहीर केलेली असली तर जाब विचारता येतो. महिला टेनिस संघटनेने 2023मध्ये तसं केलं: पुरुषांसोबत होणाऱ्या 1000 आणि 500 दर्जाच्या (ग्रँड स्लॅमखालोखालच्या) स्पर्धांत 2027पर्यंत बक्षीस समान, स्वतंत्र स्पर्धांत 2033पर्यंत.