मान मोडून घेऊ का? : मणका ‘बसवण्या’बद्दल आमच्या गिऱ्हाइकांसाठी

सप्रेम नमस्कार.

उत्तरायण झालं की आमच्या दुकानातले मानेचे पट्टे संपतात. दोन दिवस गच्चीवर पतंग उडवत, आभाळाकडे बघत ‘काय पो छे’ ओरडायचं आणि वासी उत्तरायण, म्हणजे सणाचा दुसरा दिवस, उलटलं की मान धरून आमची पायरी चढायची, हे बडोद्याच्या अंगवळणी पडलेलं आहे. गरब्यानंतर गुडघे येतात, पावसाळ्यात खड्ड्यांतून स्कूटर हाकणाऱ्यांच्या कंबरा येतात. हल्ली मात्र पट्ट्याचं माप घेता घेता लोक मोबाइल पुढे करतात. त्यात कुणीतरी कुणाची तरी मान दोन्ही हातांत धरून झटका देतो, कडाड आवाज होतो, आणि आडवा पडलेला माणूस हसत उठून बसतो. “काका, हे करून घेऊ का?”

एकच उत्तर रोज दहादा द्यायचं आणि त्यातलं निम्मं विसरायचं, त्यापेक्षा छापून ठेवलेलं बरं. आम्ही डॉक्टर नाही. पट्टे, कुबड्या, शेकायच्या पिशव्या विकणारे दुकानदार आहोत, हे ध्यानात ठेवून वाचावं.

हे आलं कुठून

या उपचाराला कायरोप्रॅक्टिक म्हणतात. १८९५ साली अमेरिकेत, आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावी डॅनियल डेव्हिड पामर नावाचे गृहस्थ ‘चुंबकीय’ उपचार करत. त्याआधी त्यांचा किराणा मालाचा धंदा होता. त्यांच्या इमारतीत झाडलोट करणाऱ्या हार्वे लिलार्डला नीट ऐकू येत नसे. त्याच्या पाठीतला मणका आपण दाबून बसवला आणि त्याला ऐकू येऊ लागलं, असं पामर सांगत. आता कानाची नस कवटीच्या आतूनच मेंदूकडे जाते, पाठीच्या मणक्याशी तिची गाठ पडत नाही. पण पामरांनी त्यावर पुढचा इमला चढवला : शंभरातले पंच्याण्णव रोग सरकलेल्या मणक्यांमुळे होतात! परवाना नसताना वैद्यकी केल्याबद्दल १९०६ साली त्यांना तुरुंगातही जावं लागलं.

भांडण तेव्हापासूनचं आहे. तिथल्या डॉक्टरांच्या मोठ्या संघटनेने, अमेरिकन मेडिकल असोसिएशनने, आपल्या सभासदांना कायरोप्रॅक्टरशी व्यावसायिक संबंध ठेवायला बंदी घातली होती. १९७६ साली काही कायरोप्रॅक्टर कोर्टात गेले आणि १९८७ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला : हा बहिष्कार बेकायदा आहे. “कोर्टानेसुद्धा मानलं” असं जे तुम्हाला ऐकवतात, ते एवढ्यावरच. त्याच निकालात न्यायाधीशबाईंनी लिहिलंय की उपचार खरा की खोटा हे कोर्ट ठरवणार नाही, ते नीट आखलेल्या शास्त्रीय अभ्यासातूनच कळेल. हा भाग कुणी सांगत नाही.

आजचे बरेच कायरोप्रॅक्टर स्वतःच पामरांना मागे सोडून आलेत, हेही सांगायला हवं. त्यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्या ब्रिटनमधल्या परिषदेने २०१० साली स्पष्ट केलं की सरकलेल्या मणक्यामुळे रोग होतात या कल्पनेला संशोधनाचा आधार नाही. तेव्हा मणका बसवून दमा, मधुमेह किंवा तान्ह्या बाळाचं रडणं बरं करतो असं कुणी म्हणालं, तर त्याच्या पायऱ्या उतरा.

‘सरकला’ म्हणजे काय

बडोद्याला हाताच्या उपचारांचं कौतुक नवं नाही. जुम्मादादा व्यायाम मंदिराचे राजरत्न प्रो. माणिकराव हाडं बसवण्यात निष्णात होते, आणि घरात कुणाचा हात निखळला की हाडवैद्याकडे धावणारी पिढी आम्हीही पाहिली आहे. पण निखळलेला खांदा खरोखर जागचा हललेला असतो, तो डोळ्यांना दिसतो. साध्या पाठदुखीत, उसण भरलेली असताना, मणका असा हललेला नसतो. स्नायू आखडलेले असतात. दोन मणक्यांमधली गादी फुगली असेल तर तीही ड्रॉवर ढकलल्यासारखी झटक्याने आत जात नाही. आणि क्वचित एखाद्याचा मणका खरंच पुढे सरकलेला असतो, तेव्हा तर झटका देणाऱ्याच्या हाती तो अजिबात देऊ नये.

मग तो कडाड आवाज कसला? सांध्यात जो वंगणासारखा द्रव असतो त्यात वायू विरघळलेला असतो. सांधा ताणला की आतला दाब एकदम कमी होतो आणि बुडबुडा तयार होतो. आवाज बुडबुडा होताना येतो की फुटताना, यावर अजून शास्त्रज्ञांचंच एकमत नाही. बोटं मोडतानाही हेच होतं. तेच बोट पुन्हा मोडायला साधारण वीस मिनिटं थांबावं लागतं, घरी करून बघा. थोडक्यात, आवाज आला म्हणजे काही जागेवर बसलं असं नाही.

पण बरं वाटतं त्याचं काय

वाटतं ना. थट्टा करायचं कारण नाही. नव्याने धरलेल्या कंबरेवर या उपचाराच्या झालेल्या २६ चाचण्यांचा एकत्र हिशोब २०१७ साली प्रसिद्ध झाला. दुखणं शंभराच्या मापावर सरासरी दहाएक गुणांनी उतरलं, आणि हा हिशोब सहा आठवड्यांपर्यंतचा. जुन्या कंबरदुखीवरच्या ४७ चाचण्यांचा हिशोब २०१९ चा : फायदा होतो, पण व्यायामासारख्या नेहमीच्या चांगल्या उपचारांइतकाच. जादू नाही, फसवणूकही नाही. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०१७ मध्ये नव्या कंबरदुखीसाठी शेक, मालीश आणि ॲक्युपंक्चर यांच्या रांगेत यालाही बसवलं. कुठला उपचार द्यावा याच्या शिफारशी करणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१६ मध्ये अट घातली : हाताचे उपचार करा, पण व्यायामासोबतच, एकटे नाहीत.

आता आमचं स्वतःचं सांगतो. ‘नाइस’च्या त्याच शिफारशींत असंही आहे की कंबरदुखीसाठी पट्टे देऊ नयेत. हे छापायचं म्हटल्यावर घरात बरीच चर्चा झाली. “बाबा, दुकान पट्ट्यांवर चालतं,” असं चिरंजीव म्हणाले. खरंय. पण दुसऱ्याच्या मालाचं वजन करायचं तर आपला काटाही दाखवावा लागतो. पट्ट्याने गाडी चालवताना किंवा ओट्यापाशी उभं राहताना आधार वाटतो म्हणून लोक नेतात, आम्ही देतो. पट्टा दुखणं बरं करतो असं आम्ही कधी म्हणत नाही. डॉक्टरांनी हाड मोडल्यावर किंवा ऑपरेशननंतर सांगितलेल्या पट्ट्यांची गोष्ट वेगळी.

मानेचं मात्र निराळं

मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतल्या छिद्रांमधून वर जातात. झटक्याने पिळलेल्या मानेत यातली एखादी आतून फाटली तर पक्षाघात होऊ शकतो. हे फार विरळा आहे, आणि वादही इथेच आहे. कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतातला अभ्यास २००८ साली आला. असा पक्षाघात आणि त्याआधी कायरोप्रॅक्टरकडे जाणं यांचा जसा संबंध दिसला, तसाच साध्या डॉक्टरकडे जाण्याशीही दिसला. म्हणजे धमनी आधीच फाटायला लागलेली, त्यानेच मान दुखतेय, म्हणून माणूस उपचाराला गेला, असंही असू शकतं. तरी अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्ये म्हटलं की मानेला झटका देण्याआधी हा संबंध रुग्णाला सांगावा.

आमचं मत विचाराल तर पतंगाने आखडलेली मान शेकाने आणि हळूहळू हालचालीने बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत सुटते. तेवढ्यासाठी लाखात एकाचीही जोखीम का घ्या? कंबरेसाठी कुणाला जायचंच असेल तर आम्ही अडवत नाही. मानेसाठी पत्ता विचाराल तर देत नाही, राग मानू नये.

जाणारच असाल तर समोरच्याचं शिक्षण विचारा. भारतात कायरोप्रॅक्टरची नोंदणी करणारी वेगळी कायदेशीर परिषद नाही, त्यामुळे पाच वर्षं परदेशात शिकलेला आणि व्हिडिओ बघून शिकलेला, दोघांच्याही दारावर पाटी सारखीच लागते. पहिल्याच दिवशी वीस बैठकांचं पॅकेज पुढे केलं तर उठा. हाडं ठिसूळ असतील, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, आधी कॅन्सर झालेला असेल, तर झटका नकोच. पाठदुखीबरोबर संध्याकाळचा बारीक ताप आणि वजन घटणं असेल तर मणक्याचा क्षय नाही ना, हे आधी पाहायला हवं. आपल्याकडे तो आजही सापडतो.

लघवी अडली किंवा आपोआप होऊ लागली, बसायची जागा बधिर झाली, पायातली ताकद गेली; किंवा मानदुखीबरोबर भोवळ, बोबडी, एकाचे दोन दिसणं असं काही झालं, तर आमच्याकडेसुद्धा येऊ नका. रिक्षा करा आणि थेट सयाजी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा.

बाकीच्यांसाठी : शेकायची पिशवी अंगावर टॉवेल ठेवून वापरावी, उकळतं पाणी भरू नये. मानेचा मऊ पट्टा दोन-तीन दिवसांपलीकडे घालू नये, स्नायू आळशी होतात. माप चुकलं तर वापर न केलेला पट्टा आठ दिवसांत बदलून मिळेल. दुपारी एक ते चार दुकान बंद असतं, फक्त वासी उत्तरायणानंतरचा आठवडाभर उघडं.