आधी श्रीमंती, मग स्वच्छ हवा: हा क्रम अटळ आहे का?

विकसनशील देशातील प्रदूषणाचा विषय निघाला की एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो: लंडनही एके काळी धुराने काळवंडलेले होते, पण इंग्लंड श्रीमंत झाल्यावर तेथील हवा सुधारली, आपलेही तसेच होईल, तोवर कारखाने चालू द्यावेत. या युक्तिवादामागे अर्थशास्त्रातील एक गाजलेला आलेख आहे. अर्थशास्त्रज्ञ सायमन कुझनेट्स यांनी १९५५ मध्ये असा अंदाज मांडला होता, की देशाचे औद्योगिकीकरण होताना उत्पन्नातील विषमता आधी वाढते आणि नंतर घटते. हवेबद्दल ते काहीच बोलले नव्हते. पुढे १९९१ मध्ये जीन ग्रॉसमन आणि ॲलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी निरनिराळ्या देशांतील शहरांच्या हवेच्या नोंदी दरडोई उत्पन्नाशेजारी मांडल्या, तेव्हा सल्फर डायऑक्साइड (कोळसा जळताना निघणारा वायू) आणि धूर यांच्या बाबतीत तसाच चढ-उतार दिसला. १९८५ च्या किमतींनुसार दरडोई उत्पन्न सुमारे चार ते पाच हजार डॉलरपर्यंत पोहोचेतो प्रदूषण वाढत होते आणि त्यानंतर ते उतरत होते. या आलेखाला ‘पर्यावरणीय कुझनेट्स वक्र’ असे नाव पडले.

हा उतार आपोआप येत नाही, असे याच दोघांनी १९९५ च्या शोधनिबंधात बजावले होते. तो इशारा मागे पडला आणि आलेख तेवढा लोकांच्या लक्षात राहिला.

वाढीचा हवेवर होणारा परिणाम तीन वाटांनी होतो. उत्पादन वाढले की कोळसा, तेल आणि वाहतूक वाढते, म्हणजे धूर वाढतो. दुसरे म्हणजे अर्थव्यवस्थेची घडण बदलते. शेतीकडून पोलाद-सिमेंटकडे जाताना प्रदूषण चढते आणि तेथून सेवाक्षेत्राकडे वळताना उतरते. (यातला काही उतार फसवा असतो, कारण धुराचे कारखाने गरीब देशात जातात आणि श्रीमंत देश तोच माल आयात करतो.) तिसरी वाट तंत्राची: तेवढीच वीज कमी धुरात तयार करता येते. पहिल्या दोन गोष्टी बऱ्याच अंशी बाजाराच्या ओघात घडतात. तिसरी सहसा घडवून आणावी लागते, कारण धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या वायूचा खर्च कारखानदाराच्या हिशेबात येत नाही, तो आसपासच्या लोकांच्या फुप्फुसांवर पडतो. लंडनमध्ये डिसेंबर १९५२ च्या जीवघेण्या धुरक्यानंतर ब्रिटनने १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा केला. अमेरिकेने १९७० मध्ये आपला कायदा कडक केला, आणि त्यानंतरच्या पन्नास वर्षांत तेथील सहा प्रमुख प्रदूषकांचे एकत्रित उत्सर्जन ७८ टक्क्यांनी घटले, तर अर्थव्यवस्था कित्येक पटींनी वाढली.

शिवाय सगळ्या प्रदूषकांची चाल एकसारखी नसते. चुलीचा धूर हा गरिबीचा धूर आहे. सरपण आणि शेण्या सुटून गॅस आला की तो घटतो, त्याला आधी चढावे लागत नाही. कार्बन डायऑक्साइड उत्पन्नाबरोबर दीर्घकाळ वाढतच राहतो, कारण तो डोळ्यांना झोंबत नाही आणि त्याचे नुकसान सगळ्या जगात वाटले जाते. सल्फर डायऑक्साइड या दोहोंच्या मधला: स्थानिक, त्रासदायक आणि तुलनेने कमी खर्चात अडवता येणारा. धुराड्यात जाणाऱ्या वायूवर चुनखडी मिसळलेल्या पाण्याचा फवारा मारला की त्यातला बहुतेक सल्फर अडकतो आणि जिप्सम उरते. म्हणूनच वक्राची खरी परीक्षा या वायूवर करता येते.

चीनने ती दिली. २००६ मध्ये सुरू झालेल्या अकराव्या पंचवार्षिक योजनेत सल्फरचे उत्सर्जन १० टक्क्यांनी घटवण्याचे बंधनकारक लक्ष्य ठेवले गेले. सुरुवातीला अनेक वीज केंद्रांनी सल्फर अडवणारी यंत्रणा बसवली, पण खर्च वाचवण्यासाठी ती बंद ठेवली. यंत्र असणे आणि यंत्र चालणे यांतला फरक आपल्याला नवा नाही. मग धुराड्यांवर सतत मोजणी करणारी उपकरणे लागली, सल्फर काढलेल्या विजेला दर युनिटमागे दीड फेन (फेन म्हणजे चिनी युआनचा शंभरावा भाग) जास्त भाव मिळू लागला आणि बंद यंत्रणेला दंड बसू लागला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उपग्रह-नोंदींच्या अभ्यासानुसार २००७ पासून चीनचे सल्फर डायऑक्साइड उत्सर्जन ७५ टक्क्यांनी घटले आणि भारताचे ५० टक्क्यांनी वाढले. बीजिंगमधील पीएम २.५ या सूक्ष्म कणांची वार्षिक सरासरी २०१३ मध्ये घनमीटरला ८९.५ मायक्रोग्रॅम होती, ती २०२१ मध्ये ३३ वर आली. या काळात चीनची वाढ थांबली नाही. सगळेच सुधारले असेही नाही. सूक्ष्म कण घटत असताना जमिनीलगतचा ओझोन, जो प्रदूषकच असतो, अनेक शहरांत वाढला.

भारताने कोळशावरील वीज केंद्रांसाठी सल्फरची मर्यादा डिसेंबर २०१५ मध्ये ठरवली आणि ती पाळायला दोन वर्षांची मुदत दिली. मुदती पुनःपुन्हा वाढल्या. जुलै २०२५ मध्ये सुमारे ७८ टक्के केंद्रांना, धुराड्याच्या उंचीची अट घालून, या मर्यादेतून वगळण्यात आले. मोठ्या शहरांजवळच्या केंद्रांना २०२७ अखेरपर्यंतची मुदत मिळाली आणि चंद्रपूरसारख्या प्रदूषित शहरांजवळच्या केंद्रांचा निर्णय एकेका केंद्राचा विचार करून व्हायचा आहे. भारतीय कोळशात सल्फर कमी असतो, हे सरकारचे म्हणणे खरे आहे. पण कोळसाच इतका जाळला जातो की एकूण भार मोठा होतो, आणि उंच धुराड्यातून सुटलेला हा वायू वाऱ्याबरोबर दूर जाताना सल्फेटच्या सूक्ष्म कणांत बदलतो. पीएम २.५ मध्ये त्या कणांचीही गणना होते, मग ते कोणत्याही जिल्ह्यात उतरोत.

आता उत्पन्नाकडे पाहू. चीनमध्ये सल्फरचा आलेख खाली वळू लागला त्या २००७ मध्ये तेथील दरडोई उत्पन्न चालू किमतींत सुमारे २,७०० डॉलर होते. भारताचे आजचे उत्पन्नही जवळपास तेवढेच आहे, जरी मधल्या काळातील महागाई धरली तर आपण अजून थोडे मागे ठरतो. साधारण याच टप्प्यावर चीनने दीड फेन जादा मोजून यंत्रणा चालवायला लावली, आणि भारताने बहुतेक केंद्रांना ती न बसवण्याची मुभा दिली.