टिटवीचं ओलं पोट

मे महिना लागला की एक बातमी ठरलेली असते. अमक्या गावात टिटवीने उंचावर अंडी घातली, म्हणजे यंदा पाऊस दणकून. अंडी चार, म्हणजे पूर्ण चार महिने. तीनच असली तर एक महिना कोरडा. सोबत अंड्यांचा फोटो आणि जमलं तर हवामान खात्याला एक टोमणा.

चार अंड्यांचं कारण आभाळात नाही, पोटाखाली आहे. टिटवीच्या कुळातले बहुतेक पक्षी एका विणीला तीन-चारच अंडी घालतात. ही अंडी एका टोकाला निमुळती असतात. निमुळती टोकं आतल्या बाजूला वळवून मांडली की चार अंडी बसणाऱ्या पक्ष्याखाली बरोबर मावतात, पाचव्याला जागा उरत नाही. १९७२च्या दुष्काळातही टिटव्या चार अंडी घालतच असणार.

उंचावरचं म्हणाल तर टिटवी माळावरची. तिला हवी मोकळी, खडेखडे असलेली जमीन, जिथून कुत्रं किंवा मुंगूस लांबूनच दिसेल. शहराने माळ संपवले. मग तिला रुळांमधली खडी, पार्किंगची कडा, बंद पडलेल्या बांधकामाचा प्लॉट आणि शेवटी इमारतीची गच्ची तसलीच वाटते. घरटं नावापुरतंच: एक उथळ खळगा, कडेने खडे, कधी शेळीच्या लेंड्या. मातकट अंड्यांवर काळपट डाग असे की नजर हलवली की पुन्हा शोधत बसावं लागतं.

हे सगळं मार्चपासून पुढे, म्हणजे ऐन उन्हाळ्यात चालतं. मला टिटवीचं सगळ्यात जास्त अप्रूप वाटतं ते इथे.

अंडी उबवणं म्हणजे ऊब देणं, असं आपण शाळेत शिकतो. बसणाऱ्या पक्ष्याच्या पोटावरची पिसं जागोजाग झडतात, उघड्या कातडीखाली रक्तवाहिन्या दाटतात आणि ती कातडी अंड्याला टेकते. आतला गर्भ ३६ ते ३८ अंशांच्या आसपास नीट वाढतो. थोडा वेळ गार पडला तर वाढ मंदावते, एवढंच. चाळिशीच्या वर बराच वेळ राहिला तर मात्र मरतो. आता गच्चीचा स्लॅब मेच्या दुपारी पन्नाशी सहज ओलांडतो. अशा वेळी टिटवीचं काम उलटं होतं: ऊब द्यायची नाही, उष्णता अडवायची. ती अंड्यांवर पाय अर्धवट वाकवून उभी राहते, चोच उघडी ठेवून धापा टाकते. नर आणि मादी आळीपाळीने ही पाळी करतात.

पण सावलीने भागत नाही. पक्ष्याचं शरीर मुळात ४०-४१ अंशांचं. नागपूर-चंद्रपूरकडे हवा ४४-४५ अंशांवर गेली की उष्णता शरीरातून हवेत जाण्याऐवजी हवेतून शरीरात येते. उष्णता नेहमी जास्त तापमानाकडून कमीकडेच वाहते, तिला दुसरी दिशा माहीत नाही. तेव्हा बाहेर पडायचा एकच रस्ता उरतो, बाष्पीभवन. आणि टिटवी तो वापरते. जवळच्या डबक्यावर किंवा नाल्यावर जाते, पाण्यात उतरून खाली-वर होत पोटाची पिसं भिजवते आणि तशीच ओली येऊन अंड्यांवर बसते.

एक ग्रॅम पाणी वाफ होताना साधारण ५८० कॅलरी उष्णता ओढून घेतं. म्हणजे हिशेबाने ५८ ग्रॅम पाणी दहा अंशांनी गार करता येईल इतकी. सगळी काही अंड्यातूनच जात नाही. बरीचशी हवेतून आणि पक्ष्याच्या अंगातून जाते. तरी चार-पाच अंशांचा फरक हा इथे जगण्या-मरण्याचा असतो. शिवाय उबवणीच्या काळात अंडं कवचाच्या छिद्रांतून आपल्या वजनाच्या सुमारे १५ टक्के पाणी गमावतं. कोरड्या हवेत ते जास्त उडू नये म्हणूनही भोवतीचा ओलावा कामाला येत असावा. अर्थात विदर्भात चालणारा कूलर मुंबईत नुसता दमट वारा देतो, तसंच इथेही: हवा जितकी कोरडी तितकी ही युक्ती जोरात चालते. वाळवंटी मुलखातल्या टिटव्या पोट भिजवतातच, आणि अंडी फुटल्यावर पिल्लंही त्याच ओल्या पोटाखाली शिरतात.

सुमारे चार आठवड्यांनी पिल्लू चोचीच्या टोकावरच्या बारीक, कठीण उंचवट्याने कवच फोडतं. टिटवी परीस आणून अंडी फोडते असं छातीठोक सांगणारे व्हिडिओ फिरत असतात. त्यापायी कृपा करून घरटी उचकटू नका.

गच्चीवर खरी पंचाईत सुरू होते ती यानंतर. टिटवीची पिल्लं डोळे उघडे घेऊन, अंगावर लव घेऊन येतात आणि काही तासांत पळू लागतात. आईबाप त्यांना भरवत नाहीत. किडे ज्याचे त्याने टिपायचे. स्लॅबवर कसले किडे! उडायला महिन्याहून जास्त वेळ लागतो आणि कठडा ओलांडता येत नाही. काही पिल्लं वरून उडी टाकतात, काही वरच वाळून मरतात.

म्हणून अंडी असताना हलवू नका, झाकू नका. थोडं लांब उथळ परातीत पाणी ठेवा आणि गच्चीवरचा वावर कमी करा. सगळी पिल्लं बाहेर येऊन कोरडी झाली की वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर विचारा. वन्यजीव कायद्याने टिटवीला संरक्षण आहे, तेव्हा मनाने काही करण्यापेक्षा ते बरं. साधारण रीत अशी की पिल्लं खोक्यात घालून इमारतीजवळच्याच मोकळ्या जागेत, आईबापांच्या डोळ्यांसमोर सोडतात. ती ओरडतात, आईबाप आवाजाच्या मागे खाली येतात. उतरवणाऱ्याने डोक्यावर टोपी घालावी, कारण दोघं मिळून डोक्यावर झेपा घेतात.