दगडू (व्यक्तिनाम)

दगडू : मराठी पुरुषनाम. 'दगड' या शब्दाला लाडाचा '-ऊ' लागून ते झाले आहे. रामचा रामू, गणपतीचा गणू, विठ्ठलाचा विठू, तसाच दगडाचा दगडू. स्त्रीनाम दगडाबाई किंवा दगडूबाई. अर्थ शोधायला कोशाची गरज नाही. प्रश्न पडतो तो वेगळाच : पोटच्या पोराला कोणी दगड का म्हणावे?

उत्तर बाळंतिणीच्या खोलीत आहे. पाठोपाठची दोन-तीन मुले दगावली की पुढच्या बाळाचे नाव जाणूनबुजून वाईट ठेवायचे, म्हणजे मृत्यूचे, सटवीचे किंवा कुणाच्या वाईट नजरेचे त्याच्याकडे लक्ष जाणार नाही, अशी समजूत महाराष्ट्रभर होती. नेणाऱ्याला वाटावे, इथे मूल नाहीच, दगड पडला आहे. बाळाच्या गालाला काजळाची तीट लावतात तीही याच हिशेबाने. दगडू हे नावाला लावलेले गालबोट होते, इतकेच. पाहुणीने 'काय गोंडस आहे हो' म्हटले की म्हातारी आजी चटकन 'कसलं गोंडस, दगड आहे मेला' असे उत्तर द्यायची. त्यात तुसडेपणा नव्हता, भीती होती.

या जातीची नावे मराठीत पुष्कळ आहेत आणि प्रत्येकामागे एखादा विधी किंवा निदान विधीची आठवण आहे. बाळाला क्षणभर केरात किंवा उकिरड्यावर ठेवून उचलून आणले की केरू, कचरू, उकिर्डा. शेजारणीला मूठभर कोंड्याच्या मोलाने 'विकून' परत घेतले की कोंडू, कोंडिबा. भीक मागून आणलेल्या कपड्यात गुंडाळले की भिकू, भिकाजी. मुलाचे नाक मुलीसारखे टोचले की नथू. दगडूचा सख्खा भाऊ म्हणजे धोंडू. धोंडिबा, धोंडीराम, धोंडो ही त्याचीच रूपे. (धुंडिराज मात्र वेगळा. ते गणपतीचे नाव आहे आणि धोंड्याशी त्याचा संबंध उच्चारसाम्यापुरता.) अशी नावे महाराष्ट्राबाहेरही आहेत. तमिळनाडूतला कुप्पुस्वामी हा 'कुप्पै' म्हणजे केरकचऱ्यातून आलेला, तर बंगालातले तिनकडी आणि पाचकडी हे तीन किंवा पाच कवड्यांना विकत घेतलेले.

तरी या सगळ्यांत दगडाची गोष्ट थोडी निराळी आहे. केर फेकून देतात. दगड तसाच राहतो, उन्हापावसात टिकतो, त्याला ताप येत नाही. शिवाय शेताच्या बांधावरचा म्हसोबा दगडच असतो. शेंदूर लागला की तोच देव होतो आणि त्याला नारळ फुटतो. म्हणजे मृत्यूला सांगताना 'हा टाकाऊ आहे' आणि मनात 'हा टिकाऊ होवो', अशी दुहेरी बोली या एका शब्दात बसते. आईबापांनी इतका विचार करून नाव ठेवले असेल असे नाही, पण केरू आणि उकिर्डापेक्षा दगडू आणि धोंडू जास्त पसरले याचे एक कारण हे असावे.

हे नाव फक्त गरिबांचे किंवा खालच्या मानलेल्या जातींचे होते, असा एक समज आहे. तो पुरा खरा नाही. बालमृत्यू वाड्यातही होते. १८५७ च्या उठावातले नानासाहेब पेशवे यांचे नाव धोंडोपंत. स्त्रीशिक्षणाचे काम उभे करणारे महर्षी कर्वे हे धोंडो केशव, जन्म १८५८. दगडू हे रूप मात्र शेतकरी, कारागीर, व्यापारी, दलित अशा बहुजन समाजात अधिक रुळले, आणि पुढे त्याचे ओझेही त्यांनाच अधिक वाहावे लागले. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायातील एकतिसावा श्लोक ब्राह्मणाचे नाव मंगल, क्षत्रियाचे बलयुक्त, वैश्याचे धनयुक्त आणि शूद्राचे 'जुगुप्सित', म्हणजे किळस यावी असे, असावे असे सांगतो. आईने मायेपोटी ठेवलेले आणि समाजाने तुच्छतेने लादलेले, दोन्ही नावे ऐकायला सारखीच येतात. एखाद्या दगडूच्या बाबतीत यांतले कुठले खरे, हे नुसत्या नावावरून ठरवता येत नाही.

दर्जा ठरायचा तो हाकेवरून. एकाच माणसाला पाटलाच्या ओट्यावरून 'ए दगड्या' अशी हाक यायची. बरोबरीचे 'दगडू' म्हणायचे, भावकीतली पोरे 'दगडूतात्या' किंवा 'दगडूनाना'. पैसा आला की 'दगडूशेठ', वय आणि मान आला की 'दगडोबा'. '-या' पासून '-बा' पर्यंतचा हा जिना चढायला काहींना जन्म पुरला नाही.

तो जिना वरपर्यंत चढलेले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पुण्याचे. दगडूशेठ गडवे हे मूळचे कर्नाटकाकडून आलेले लिंगायत मिठाईवाले, म्हणून दगडूशेठ हलवाई. मुलाच्या मृत्यूच्या दुःखात असताना गुरूंच्या सांगण्यावरून त्यांनी व पत्नी लक्ष्मीबाई यांनी दत्ताची आणि गणपतीची मूर्ती करवून घेतली, अशी परंपरागत हकिगत आहे. मूल जगावे म्हणून जे नाव ठेवायचे, ते नाव धारण करणाऱ्यालाच पुत्रशोक व्हावा, हा योग चटका लावणारा आहे. गणपतीची स्थापना १८९३ ची मानतात. आज 'दगडूशेठला जाऊन आलो' म्हटले की पुण्यात कोणाला माणूस आठवत नाही, मूर्तीच डोळ्यांपुढे येते. भक्ताचे नाव देवाला लागावे असे क्वचित घडते. त्यातही ते नाव दगडू असावे!

दुसरे मोठे उदाहरण साहित्यातले. दया पवार (१९३५–१९९६) यांचे मूळ नाव दगडू मारुती पवार. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या 'बलुतं' या आत्मकथनात शिकलेला, शहरात नोकरी करणारा दया पवार आणि गावच्या महारवाड्यातला दगडू पवार अशा दोन माणसांना लेखकाने समोरासमोर बसवले आहे. सांगणारा दगडू आहे, ऐकणारा दया. मराठीत एका व्यक्तिनामाचा इतका अर्थपूर्ण वापर दुसरीकडे सापडणे कठीण. 'दया' मध्ये पहिले अक्षर तेवढे राखलेले आहे, बाकी सारे बदलले आहे. स्त्रियांत, हैदराबाद मुक्तिसंग्रामात रझाकारांविरुद्ध उतरलेल्या मराठवाड्यातील दगडाबाई शेळके यांचे नाव घेतले जाते.

नाव मागे पडले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. पहिले कारण अगदी सरळ : मुले जगू लागली. नमुना नोंदणी पाहणीनुसार १९७१ मध्ये भारतात दर हजार जिवंत जन्मांमागे १२९ अर्भके वर्षाच्या आत दगावत होती. २०२० मध्ये हा आकडा २८ वर आला आणि महाराष्ट्रात तर १६ वर. देवीचा रोग गेला, लशी आल्या, बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली. मृत्यूला फसवायची निकड उरली नाही, तेव्हा नावाचे कामच संपले.

दुसरे कारण शाळा. वर्गात 'दगड' म्हणजे डोक्यात काही न शिरणारा मुलगा, आणि हजेरीत तर खरोखरच दगडू. गावच्या शाळेत नाव घालताना जन्मतारीख ठाऊक नसली की गुरुजी १ जून लिहीत, हे सर्वांना माहीत आहे. तशाच सहजपणे काही गुरुजी दगडूचा दत्तात्रय किंवा दिलीप करून टाकत. त्यातून आयुष्यभराचे 'ऊर्फ' मागे लागे : दाखल्यावर दत्तात्रय, शिधापत्रिकेवर दगडू, आणि बँकेत दोन्ही एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र. काहींनी राजपत्रात जाहिरात देऊन नाव रीतसर बदलले. तोवर घराघरांत सुनील, अनिल, संजय, राजू आले होते. दलित वस्त्यांत आंबेडकरी चळवळीनंतर नावे सिद्धार्थ, गौतम, राहुल, मिलिंद झाली. तिथे हा बदल फॅशनचा नव्हता, हट्टाचा होता.

साताऱ्याकडच्या 'नकुशा' या नावाशी दगडूची गल्लत करू नये. नकुशा म्हणजे नकोशी. मुलींच्या पाठीवर मुलगीच झाली की ठेवलेले नाव. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा दोनशेहून अधिक मुलींना समारंभाने नवी नावे देण्यात आली. दोन्ही नावे कानाला कठोर लागतात, पण दगडू हे मूल हवेच म्हणून ठेवलेले, आणि नकुशा नको म्हणून.

२०१४ च्या 'टाइमपास' या चित्रपटाने दगडू पुन्हा तरुण तोंडांत आणला. मुंबईच्या चाळवस्तीतला, दहावी नापास, प्रेमात पडलेला हा नायक तुफान लोकप्रिय झाला. पण त्यानंतर बारशाला कोणी दगडू ठेवल्याचे ऐकिवात नाही. मित्रांत चिडवायला मात्र ते नाव मिळाले. मुंबईतल्या दगडी चाळीचा या नावाशी काही संबंध नाही, ती बांधकामाची दगडी.

आज हे नाव पहिल्या जागेपेक्षा मधल्या जागेत जास्त भेटते. मराठी रीतीने मुलाच्या नावापुढे बापाचे नाव येते, त्यामुळे मतदारयादीत साठी-सत्तरीच्या पुढच्यांच्या नावांत दगडू अजून मधोमध बसलेला दिसतो. नातवंडांच्या नावांत तोही नाही. जुन्या सातबारावर मूळ खातेदार म्हणून दगडू धोंडिबा असतो. वारसाची नोंद झाली की तलाठी त्या नावाला कंस करतो आणि खाली फेरफाराच्या क्रमांकासह पुढची नावे चढतात : सुनील दगडू, संजय दगडू, अनिता दगडू.