तात्पुरत्या तारा म्हणजे कायमचा पेसमेकर नव्हे
जन्मजात हृदयदोषावरील शस्त्रक्रियेनंतर बाळाच्या छातीतून बाहेर आलेल्या बारीक तारा दिसल्या, की ‘आता याला जन्मभर पेसमेकर (हृदयाचे ठोके नियमित ठेवणारे यंत्र)’ असे गृहीत धरले जाते. हा जुना समज चुकीचा आहे. गरज पडल्यास शरीराबाहेरच्या यंत्रातून ठोके देण्यासाठीच्या या तारा हृदयाच्या बाह्य पृष्ठभागावर हलकेच टाचलेल्या असतात, पुष्कळदा निव्वळ खबरदारी म्हणून, आणि गरज संपली की दुसऱ्या शस्त्रक्रियेविना ओढून काढता येतात.

हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यातील छिद्राच्या अनेक प्रकारांत, ठोक्याचा विद्युतसंदेश नेणाऱ्या तंतूंचा जुडगा छिद्राच्या अगदी कडेने जातो, त्यामुळे टाक्यांभोवती आलेल्या सुजेने तो संदेश काही काळ अडू शकतो. सूज ओसरल्यावर पुष्कळ मुलांत लय पूर्ववत होते. म्हणूनच डॉक्टर साधारण ७ ते १० दिवस वाट पाहतात आणि त्यानंतरही अडथळा टिकला तरच कायमचा पेसमेकर बसवतात. (तान्ह्या बाळांत त्याची बॅटरी बहुधा पोटाच्या भिंतीत ठेवतात.)

घरी सोडले म्हणजे लयीची चिंता मिटली, ही उलट समजूत मात्र मला अधिक घातक वाटते. टेट्रॅलॉजी ऑफ फॅलो या जन्मजात हृदयदोषाच्या दुरुस्तीनंतर राहिलेल्या व्रणामुळे कित्येक वर्षांनीही लय बिघडू शकते. त्यामुळे ईसीजी आणि होल्टर (दिवसभर ठोक्यांची नोंद घेणारी) तपासणी मोठेपणीही चालू ठेवावी लागते.