बुडेल की तरंगेल? एका जुन्या वादाची गोष्ट

पाण्याची बादली, एक बूच, एक खिळा, एक गोटा, एक लाकडी ठोकळा. ‘यातलं काय बुडेल?’ असं विचारलं की बालवर्गातली मुलं हिरिरीने अंदाज सांगतात. वस्तू पाण्यात पडतात, दोन ढीग लागतात, टाळ्या होतात. पण ‘का?’ हा प्रश्न बहुतेकदा बादलीतच राहतो. मुलांना काय दोष द्यावा? याच प्रश्नाने भल्याभल्यांना चकवलं आहे.

इ.स.पू. चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने नोंदवलं की लोखंडाचा किंवा शिशाचा रुंद, सपाट तुकडा पाण्यावर राहतो आणि त्याहून हलकी सुई बुडते. म्हणजे आकाराचा काहीतरी हात आहे. पुढच्या शतकात आर्किमिडीजने खरं सूत्र सांगितलं: वस्तू जितकं पाणी बाजूला सारते, तितक्या पाण्याच्या वजनाएवढ्या बलाने पाणी तिला वर ढकलतं. (मुकुट आणि न्हाणीघराची गोष्ट त्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियसने लिहिली. ती मुळात आकारमान मोजण्याची गोष्ट आहे. तरंगणं शिकवताना ती सांगितली की गोंधळ वाढतो, असं माझं मत.)

सूत्र सापडलं तरी वाद मिटला नाही. १६११ साली फ्लॉरेन्समध्ये तो बर्फावरून पेटला. ॲरिस्टॉटलवादी म्हणत, बर्फ म्हणजे थिजलेलं पाणी, म्हणून पाण्याहून जड. तो तरंगतो तो सपाट असतो म्हणून. गॅलिलिओ म्हणाला, बर्फ पाण्याहून हलकाच आहे, मग त्याचा आकार कोणताही असो. प्रतिपक्षाच्या लोदोविको देल्ले कोलोम्बेने शिसवीसारख्या जड, काळ्या एबनी लाकडाचा गोळा बुडवून दाखवला आणि त्याच लाकडाची पातळ चकती पाण्यावर ठेवून दाखवली. बिनतोड वाटावा असा पुरावा! गॅलिलिओने नीट पाहिलं, तर चकती पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली, छोट्याशा खळग्यात बसलेली. ती पुरती भिजवली की बुडायची. त्याने श्रेय त्या खळग्यातल्या हवेला दिलं. पाण्याच्या पृष्ठभागाला ताणलेल्या पडद्यासारखं वागायला लावणाऱ्या पृष्ठताणाचा उलगडा व्हायला पुढे बराच काळ जावा लागला. हा सगळा वाद त्याने १६१२ मध्ये पुस्तकरूपाने छापला, तोही पंडितांच्या लॅटिनमध्ये नव्हे, इटालियनमध्ये.

विसाव्या शतकात जिनिव्हात झां पियाजे आणि बेर्बेल इनेल्डर या बालमानसशास्त्रज्ञांनी मुलांपुढे अशाच वस्तू आणि पाणी ठेवलं. लहान मुलं एका दमात सांगत, हे हलकं म्हणून तरंगतं आणि ते मोठं, दमदार म्हणून तरंगतं. त्यात विसंगती आहे, हे त्यांच्या गावीही नसे. वस्तूची तुलना तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याशी करायची, हे बहुधा अकरा-बारा वर्षांच्या आसपास सुचतं. त्यामुळे पाच वर्षांच्या मुलाकडून ‘घनता’ हा शब्द पाठ करून घेण्यात फारसा अर्थ नाही.

१९६० च्या दशकात अमेरिकेतल्या ‘एलिमेंटरी सायन्स स्टडी’ या उपक्रमाने ढीग लावण्याऐवजी मुलांच्या हाती मातीचा गोळा दिला: हा बुडतो, याला तरंगवून दाखवा. मुलं गोळा चेपतात, कडा उचलतात, वाटी करतात. माती तीच, वजन तेच, पण आता ती पोकळीसकट कितीतरी जास्त पाणी बाजूला सारते. मग वाटीत एकेक वजन टाकत ती कधी बुडते, हे पाहायचं. इथे आकाराचं महत्त्व मुलाला बोटांनीच कळतं, आणि ते ॲरिस्टॉटलला वाटलं होतं त्याहून वेगळ्या कारणाने.